मिटल्या तोंडातला पहारेकरी

मित्रांनो, मी एक जुना आणि वाकलेला नाइट गार्ड आहे. तुम्ही मला बहुधा कधी पाहिलं नसेल. मला कुणी दुकानाच्या काचेत मांडत नाही की पाहुण्यांना दाखवत नाही. घोड्याच्या नालेसारखा माझा आकार, पाण्यासारखा माझा रंग. नावात गार्ड असलं तरी शिट्टी नाही, काठी नाही, गणवेश नाही. रात्री एका बाईच्या वरच्या दातांवर बसायचं आणि खालच्या दातांना त्यांच्यापर्यंत पोचू द्यायचं नाही, एवढंच माझं काम. दोघांच्या मध्ये राहून मार खायचा.

आता मी एका पत्र्याच्या डबीत राहतो. सोबतीला सहा दुधाचे दात आहेत, पण ते बोलके नाहीत. म्हणून म्हटलं, तुमच्याशी बोलावं. गोष्ट थोडी काळजीची आहे, पण तुमच्यापैकी कुणाच्या तरी घरात ती आत्ता चालू असेल, आणि त्या घरातल्या मुलांना कुणीच काही सांगत नसेल. त्यांनी तरी ऐकावी.

माझा जन्म एका जिन्याखालच्या खोलीत झाला. तिथे एक लॅबवाले काका बसत. त्यांच्या भुवयांवर, रेडिओवर, चहाच्या कपाच्या कानावर, सगळीकडे प्लास्टरची पांढरी भुकटी. दातांच्या डॉक्टरांकडून गुलाबी लगद्यावर उमटलेले दातांचे ठसे त्यांच्याकडे येत. काका त्यात प्लास्टर ओतत आणि वाळलं की हलकेच सोडवून घेत. मग टेबलावर एका अनोळखी माणसाचे दात उभे राहत, आणि काका त्यांच्याशी गप्पा मारत.

ज्या साच्यावर मी घडलो, त्यावरून त्यांनी अंगठा फिरवला आणि ते थबकले. सुळ्यांची टोकं गेली होती. दाढा फरशीसारख्या सपाट झाल्या होत्या. एका दाताचा कोपरा टवका उडाल्यासारखा तुटला होता.

"काय हो बाई," काका त्या साच्याला म्हणाले, "झोपेत कुणाचं दळण दळता एवढं?"

मी तेव्हा नुसता एक पारदर्शक पत्रा होतो. काकांनी मला तापवलं. मी मऊ पडलो, मध्ये झोळीसारखा लोंबलो, आणि मग यंत्राने मला त्या साच्यावर असं ओढून घेतलं की प्रत्येक दाताचे खाचखळगे माझ्या अंगात उतरले. काकांनी कडा कापल्या, घासल्या, जिभेला टोचू नयेत म्हणून स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूवर फिरवून पाहिल्या. मग उजेडात धरून म्हणाले, "काचेसारखा झालाय. दोन वर्षं हलायचा नाही."

मित्रांनो, आयुष्यातलं पहिलं कौतुक कुणी विसरत नाही. मी दोन वर्षं टिकलो नाही, आठ महिनेच टिकलो. पण त्यात काकांचा दोष नाही.

ज्या बाईसाठी मला बनवलं होतं, ती चष्म्यांच्या कारखान्यात काम करायची. फिरत्या चाकावर भिंगांच्या कडा घासून त्या फ्रेममध्ये बसवायच्या, हे तिचं काम. तिचा नवरा इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायचा. त्यांची मुलगी दुसरीत होती. तिचं शाळेतलं नाव काहीही असो, घरात सगळे तिला ठमी म्हणत. बाईची आई, म्हणजे ठमीची आजी, त्या वर्षी त्यांच्याकडे राहायला आली होती. का आली होती, हे मला हळूहळू कळलं.

दवाखान्यात डॉक्टरताईंनी मला बाईच्या दातांवर बसवलं, लाल-निळ्या कागदावर चावायला लावलं, कुठे टोचतंय का विचारलं. मग हसत म्हणाल्या, "राग गिळता का हो ताई? घरात कुणावर दात आहे की काय?"

"नाही हो," बाईही हसली. माझ्यामुळे तिचा शब्द बोबडा आला.

"मग ताण असेल. जरा शांत राहत जा."

बाईने मान हलवली. त्याआधी बाहेरच्या टेबलावर तिने एक कागद भरला होता. त्यात एक प्रश्न होता: सध्या कोणती औषधं चालू आहेत? तिथे बाईने एक आडवी रेघ मारली होती. कारण कागद घेणारी बाई ठमीच्या बाकावर बसणाऱ्या मुलाची आई होती. उद्या शाळेच्या फाटकापाशी चार आया जमल्या की आपल्या गोळीची चर्चा नको, एवढाच तिचा विचार. ती एक आडवी रेघ पुढे किती महाग पडणार आहे, हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. मलाही नाही.

ती गोळी कसली, ते सांगतो. मी येण्याच्या आधी, बाई आजारी होती. ताप नव्हता, खोकला नव्हता. ती सकाळी उठायची, पलंगाच्या कडेला बसायची, एक मोजा घालायची आणि दुसरा हातात धरून दुपारपर्यंत तशीच बसून राहायची. दोन महिने ती कामावर गेली नव्हती. ठमीच्या वेण्या बाबा घालायचे, आणि त्या एक वर, एक खाली अशा व्हायच्या. आजी तेव्हाच आली. मग मनाच्या डॉक्टरांनी बाईला एक छोटी पांढरी गोळी दिली, मध्ये रेघ असलेली. महिन्याभराने तिने एका सकाळी दुसरा मोजा घातला. मग डबा भरला. मग कामावर गेली. आणि एका संध्याकाळी भांडी पुसताना गुणगुणली. बाबा दाराबाहेर बूट काढत होते. ते तसेच, एक बूट हातात धरून, बराच वेळ उभे राहिले म्हणे.

त्याच सुमारास ठमीने सगळ्यांना सांगितलं, "आईच्या तोंडात उंदीर आलाय. रात्री काहीतरी कुरतडतो."

सगळे हसले. गोळी आली आणि त्यामागून उंदीर आला, या दोन गोष्टींची गाठ कुणी घातलीच नाही. मनाचे डॉक्टर विचारायचे, झोप कशी आहे, भूक कशी आहे. दातांबद्दल त्यांना काय सांगायचं, म्हणून बाई सांगायची नाही. दातांच्या डॉक्टरताईंना गोळी सांगायची नाही. एकाच डोक्याचे दोन डॉक्टर, आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नाही.

अशा घरात मी कामाला लागलो.

काम सोपं नव्हतं, मित्रांनो. बाई स्वभावाने इतकी मऊ की मुंगीलाही वाट देईल. पण झोप लागली की तिचा जबडा तिचा राहायचा नाही. दोन दगडांमध्ये सापडल्यासारखा मी कचाट्यात यायचो. करकर, करकर. पहिल्याच आठवड्यात माझ्या अंगावर खड्डे पडले. सकाळी ती मला थंड पाण्याखाली धुवायची आणि मोरीच्या फळीवरच्या डबीत ठेवायची. मग दोन्ही तळवे गालांवर दाबून उभी राहायची. तिला जांभई पूर्ण देता येत नव्हती. पाव चहात बुडवल्याशिवाय चावता येत नव्हता. कानशिलं दिवसभर ठणकायची.

पण एक सुखही होतं. मला तोंडात घालून ती ठमीला थोपटायची आणि गुणगुणायची. माझ्यामुळे शब्द नीट यायचे नाहीत, म्हणून ती नुसता सूर धरायची. तुम्हाला वाटतं गाणं कानाने ऐकतात. मी ते दाढांमधून ऐकलं आहे. आधी एक बारीक थरथर यायची, मग ती माझ्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायची, आणि ठमीचा श्वास लांब होईपर्यंत थांबायची नाही. त्यानंतर रात्रभर कितीही मार बसो, माझी तक्रार नसायची.

पुढे पुढे तिचे दात दिवसाही आवळले जाऊ लागले. एकदा ती मला घालूनच कारखान्यात गेली. तिथे चाकावर पाण्याची धार होती, काचेचा पांढरा गाळ होता, आणि शेजारच्या टेबलावर फ्रेम जुळवणारा एक थट्टेखोर मामा होता.

"दिवसा काचा घासता, रात्री दात," मामा म्हणाला. "ओव्हरटाइम तरी मागा साहेबांकडे."

"मागितला," बाई बोबडं बोलली. "म्हणाले, दात दाखवून हसा म्हणजे देतो."

मामा खो खो हसला. जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेले. बाईने पिशवीतून गोळ्यांचं खोकं काढलं, त्यातला घडी घातलेला कागद उलगडला आणि भिंगं तपासायच्या काचेखाली धरला. मुंगीच्या पायाएवढी अक्षरं. घरी ती कुणालाच वाचता आली नव्हती. इथे ती मोठी झाली. बाई एकेक ओळ बोटाने पुढे सरकवत होती. एका ओळीवर बोट थांबलं. 'काही जणांना झोपेत दात खाण्याचा त्रास होतो. असे झाल्यास डॉक्टरांना सांगावे.'

त्या क्षणी ती माझ्यावर इतक्या जोराने चावली की माझ्या डाव्या बाजूला एक बारीक चीर गेली. ती चीर अजून आहे.

त्या ओळीत दोन वाक्यं होती, मित्रांनो. बाईने पहिलं वाचलं आणि दुसऱ्याआधी कागद मिटला.

त्या संध्याकाळी बाबांनी नेहमीप्रमाणे गोळी आणि पाण्याचा पेला आणला. "घेतलीस?"

"घेतली," बाई म्हणाली.

ती पाणी प्यायली होती हे खरं. गोळी मात्र गालात होती. ती मोरीपाशी आली, मला डबीतून उचललं, आणि गोळी डबीत टाकली. मग मला दातांवर चढवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी डबी धुताना ती गोळी पाण्याबरोबर वाहून गेली. तिसऱ्या दिवशीही तेच. माझ्या घरात रोज रात्री एक पांढरी पाहुणी यायची आणि रोज सकाळी वाहून जायची. मी सगळं पाहत होतो, पण तोंडात राहणाऱ्याला स्वतःचं तोंड नसतं.

पहिले काही दिवस बाईच्या डोक्यात विजेसारखे झटके यायचे. चालताना भिंतीला हात लावावा लागायचा. ठमीच्या हातून दूध सांडलं तर ती एकदम खेकसली, आणि मग स्वतःच घाबरली. दोन-तीन आठवड्यांनी जबडा सैल झाला. करकर थांबली. मी सकाळी डबीत जायचो तेव्हा माझ्या अंगावर नवा ओरखडा नसायचा.

आणि घरात माझं कौतुक सुरू झालं.

"बघा आई," बाबा आजीला म्हणाले, "पट्टी लागू पडली. आठ दिवसांत आवाज नाही."

"मी तर म्हटलं होतं, या वयात कवळी कसली," आजी म्हणाली. "पण गुणाची निघाली हो."

"कवळी नाही आजी, गार्ड," ठमी म्हणाली. "त्याने उंदराला पकडलं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उंदीर मी पकडला नव्हता. आणि एक गोष्ट एकट्या मलाच कळली होती. करकर थांबली त्याच आठवड्यात थरथरही थांबली होती. बाई ठमीला थोपटायची, पण गुणगुणायची नाही. मग थोपटणंही कमी झालं. सकाळी ती मला धुवायला विसरू लागली. मोरीच्या दारातून मला पलंगाचा कोपरा दिसायचा. एका सकाळी तिथे बाई बसली होती. एका पायात मोजा होता. दुसरा हातात.

डबी धुतली जाईना, तशा गोळ्या आत साठू लागल्या. ओलीत भिजून त्यांच्या कडा झिजल्या, रेघा पुसल्या. काही विरघळून पांढरा लेप झाला, काही तशाच राहिल्या, लहान, गुळगुळीत, गोल.

ठमीचा वरचा दात तेव्हा हलत होता. रोज मोरीच्या आरशात ती तो जिभेने ढकलून पाहायची. तशीच एकदा तिने माझी डबी उघडली. आत बघून तिचा चेहरा पडला. मग तिने इकडेतिकडे पाहिलं, एक पांढरा तुकडा दोन बोटांनी उचलला, फ्रॉकला पुसला आणि आपल्या पत्र्याच्या डबीत, स्वतःच्या पडलेल्या दाताशेजारी ठेवला.

मित्रांनो, तुम्हीही असं कधी करू नका. कुणाची गोळी सापडली तर हात लावायच्या आधी मोठ्यांना हाक मारा. ठमीने ती तोंडात घातली नाही, हे तिचं आणि त्या घराचं नशीब.

तिने तोंडात का घातली नाही, आणि कुणाला सांगितलं का नाही, ते मला फार नंतर कळलं. सांगितलं नाही, कारण आजीने तिला बजावलं होतं, "आईला काही विचारायचं नाही हां. तिला त्रास होतो." ठमी शहाणी मुलगी. तिने विचारलं नाही. आठ दिवसांत तिच्या डबीत असे तीन पांढरे तुकडे जमले. ती संध्याकाळी आईच्या शेजारी बसून, आई जांभई देईल का, तोंड उघडेल का, याची वाट पाहायची.

इकडे कारखान्यातून निरोप आला, की बाईने एका गिऱ्हाइकाचं उजव्या डोळ्याचं भिंग डाव्या बाजूला बसवलं, दोन दिवस घरी आराम करा. बाबांनी रात्री आजीला हळू आवाजात विचारलं, "गोळ्या तर चालू आहेत ना सगळ्या? मी माझ्या हाताने देतो."

"मग आणि काय," आजी म्हणाली. "तुमच्या डोळ्यांसमोर घेते की."

सगळं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर चाललं होतं. दिसत कुणालाच नव्हतं.

शेवटी आजीचं लक्ष माझ्या डबीकडे गेलं. आत पांढरा लेप, माझ्याही अंगाला तो चिकटलेला. तिला वाटलं, घाण. "वस्तू धुवून ठेवा, धुवून ठेवा, दाताच्या कण्या झाल्या माझ्या सांगून," ती पुटपुटली. मग तिने मायेने जे केलं, ते सांगताना मला अजून चटका बसतो. ठमी तान्ही असताना तिच्या दुधाच्या बाटल्या आजी उकळून घ्यायची. तसंच तिने मला पातेल्यात टाकलं आणि दहा मिनिटं खळाखळा उकळलं.

उष्णतेनेच मी घडलो होतो, उष्णतेनेच बिघडलो. माझी दोन्ही टोकं एकमेकांकडे वळली. काकांनी उतरवलेली प्रत्येक दाताची खूण पुसट झाली. आजीने मला चिमट्याने बाहेर काढलं आणि कपाळावर हात मारला.

"आक्रसलं की गं हे."

"राहू दे आई," बाई पलंगावरून म्हणाली. "आता लागतही नाही."

पण आजी सरळ बाई. आपल्या हातून मोडलं ते आपण भरून द्यायचं, असा तिचा खाक्या. तिने लेकीला उठवलं, केस विंचरले, दुसरा मोजा स्वतः घातला आणि तिला दवाखान्यात आणलं. बाबा कामावर होते. ठमीची शाळा सुटली होती, म्हणून तीही आली. तिच्या खिशात पत्र्याची डबी खुळखुळत होती.

डॉक्टरताईंनी मला हातात घेतलं आणि उजेडात धरलं. "कुणी उकळला?"

"मी," आजी म्हणाली. "बाटल्या उकळतात तसा. मला काय ठाऊक याला ऊन पाणी चालत नाही. पैसे मी देईन."

"अहो, असू द्या. साचा आहे लॅबमध्ये, दुसरा करू." त्यांनी मला वळवलं. माझ्या अंगावरचे खड्डे उकळूनही पुरते गेले नव्हते. खड्डे जुने, गुळगुळीत. ताजा ओरखडा एकही नाही. मग त्यांनी बाईचे दात पाहिले, गाल चाचपले. "दात खाणं थांबलंय की हो. केव्हापासून?"

"महिना झाला असेल."

"असं अचानक? काय बदललं महिन्याभरात?"

बाईची नजर दिव्यावर. तेवढ्यात ठमी खुर्चीजवळ आली. आजीने तिला मागे ओढलं. ठमीने हात सोडवून घेतला, डबी उघडली आणि डॉक्टरताईंच्या ट्रेमध्ये, अगदी माझ्याजवळ, काळजीपूर्वक पालथी केली.

"हा माझा आहे," ती एक दात बाजूला सारत म्हणाली. "आणि हे तीन आईचे. आईचे पण पडायला लागलेत. मी जपून ठेवलेत. तिला परत बसवून द्या ना."

डॉक्टरताईंनी एक तुकडा चिमट्याने उचलला. एका बाजूला मधल्या रेघेची पुसट खूण अजून होती.

"बाळा, हे दात नाहीत," त्या हळू म्हणाल्या. "कुठे सापडले तुला?"

"गार्डच्या डबीत. मी मोजले. आईच्या तोंडात पाहायचं होतं किती उरले, पण आई तोंड उघडतच नाही. आणि विचारायचं नाही असं आजी म्हणाली."

आजी स्टुलावर बसली. "अगं, ही तर तुझी गोळी. म्हणजे तू घेतच नाहीस?"

बाईने डोळे मिटले. खुर्ची आडवी असल्यामुळे तिच्या डोळ्यांतलं पाणी कानांकडे ओघळलं.

"घेतली की दात जातात," ती म्हणाली. "नाही घेतली की मी जाते. काय ठेवू, तूच सांग."

"कुठे जातेस?" ठमीने विचारलं.

तो प्रश्न ऐकून बाईने जी मिठी मारली, त्यात डॉक्टरताईंचा ट्रे कलंडला. मी खाली पडलो, गोळ्या पडल्या, दुधाचा दात फरशीवर गडगडत कपाटाखाली गेला. तो काढायला डॉक्टरताई स्वतः गुडघ्यांवर बसल्या. तशाच खाली बसून त्या म्हणाल्या, "ताई, यातलं एकच निवडा असं कुणी सांगितलं तुम्हाला? काही गोळ्यांनी होतं असं. त्यावर उपाय असतात. पण ती तुम्ही घेता हे मला माहीतच नव्हतं."

"मी लिहिलं नाही," बाई म्हणाली. "बाहेर ठमीच्या वर्गातली..."

डॉक्टरताईंना कळलं. "चूक माझीही आहे. रेघ बघून पुढे गेले. उलट तुम्हालाच शांत राहा म्हणून उपदेश केला." मग त्यांनी विचारलं, "तुमच्या त्या डॉक्टरांना मी फोन केला तर चालेल?"

बाईने मान डोलावली.

फोन काही मिनिटांचाच झाला. त्या मिनिटांसाठी एक घर महिनाभर बुडत राहिलं होतं. मनाच्या डॉक्टरांनी बाईला त्याच संध्याकाळी बोलावलं. ते रागावले नाहीत, असं आजी नंतर बाबांना सांगत होती. म्हणाले, दातांचं मी विचारायला हवं होतं, आणि तुम्ही गोळी एकदम सोडायला नको होती, ते डोक्यातले झटके त्यानेच आले. त्यांनी दुसरी गोळी दिली, अगदी थोड्यापासून सुरू करून हळूहळू वाढवायची. दात खाणं पुन्हा वाटलं तर त्याच दिवशी कळवायचं, एवढी अट.

बाबा सगळं ऐकून बराच वेळ हाताचं काळं ग्रीस पुसत बसले. मग बाईला म्हणाले, "मला तरी सांगायचंस."

"तू इतका खूश होतास," ती म्हणाली. "आवाज थांबला म्हणून."

बाबांनी ग्रीसचं फडकं बाजूला ठेवलं आणि ते तिच्या शेजारी येऊन बसले.

मला कचऱ्यात टाकणार होते. पण ठमी म्हणाली, "त्याने काम केलंय, त्याला मी ठेवणार." अशी माझी बदली पत्र्याच्या डबीत झाली. त्या डबीतल्या तीन गोळ्या आजीने तेव्हाच डॉक्टरताईंच्या हवाली केल्या होत्या. जिन्याखालच्या काकांनी जुन्या साच्यावरून नवा गार्ड केला. तो आता माझ्या जागी बसतो. कधी भेट झाली तर मी त्याचं अंग निरखतो. त्याच्यावरही ओरखडे आहेत, पण उथळ, आणि आठवड्यातून एखादाच नवा.

सगळं ठीक झालं, असं मी तुम्हाला सांगणार नाही. नव्या गोळीने पहिले तीन आठवडे काहीच केलं नाही. बाई अजूनही काही सकाळी पलंगाच्या कडेला थांबते. पण आता ठमी जाऊन विचारते, "दुसरा मोजा सापडत नाहीये का?" आणि बाई कधी म्हणते, सापडला, कधी म्हणते, नाही गं, आज जड आहे. जड आहे असं ती मोठ्याने म्हणते, हेच मला पुष्कळ वाटतं. दवाखान्यातला तो कागदही तिने पुन्हा भरला. आडव्या रेघेच्या जागी गोळीचं नाव लिहिलं, आणि बाकावरच्या मुलाच्या आईच्या हातात दिला. तिने तो घेतला, फाइलला लावला, आणि एवढंच विचारलं, "उद्या पालकसभेला येताय ना?"

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तूला थंड पाण्याने धुवा, उकळू नका, एवढं सांगून मला थांबता आलं असतं. पण माझं मागणं त्याहून मोठं आहे. औषधाने काही त्रास होत असेल, तर तो औषध देणाऱ्याला सांगू द्या. आपल्या मनाने ते बंद करू नका, कुणाला करू देऊ नका. डॉक्टर विचारतील तेव्हा आडवी रेघ मारू नका. आणि घरात कुणी म्हणालं, आईला काही विचारायचं नाही, तर तुम्ही हळूच, पण नक्की विचारा.

आता संध्याकाळ झाली की त्या घरात एक तपासणी होते. बाबा गोळी आणि पेला आणतात. बाई गोळी गिळते आणि पलंगावर बसून तोंड उघडते. ठमी बाबांची लिफ्ट तपासायची बॅटरी घेऊन आत उजेड टाकते.

"जीभ वर. आता गाल." मग ती एकेक दात बोटाने मोजते. मोजताना मध्येच चुकते आणि पहिल्यापासून सुरू करते. बाई तोंड उघडं धरून हसू दाबत बसते.

"सगळे आहेत," ठमी शेवटी म्हणते.

मग बाई नवा गार्ड घालते, ठमीला जवळ घेते आणि थोपटू लागते. ठमी निजण्याआधी माझ्या डबीचं झाकण थोडं तिरकं करून ठेवते, मला श्वास घेता यावा म्हणून. त्या फटीतून कधी कधी, रोज नाही, तो सूर आत येतो. पूर्वी तो मला दाढांमधून यायचा, आता हवेतून येतो. जरा अस्पष्ट येतो. पण मी ओळखतो.